सीनरी तेवढी राहिलीय

आगगाडीची आवड घरोघरी असते. खिडकीची जागा धरून बोगदे मोजणारे, पुलावरून नदीत नाणं टाकणारे, इंजिन दिसलं की नातवाला कडेवर घेऊन दाखवणारे, यांना या जातीत धरू नये. या जातीचा माणूस कर्जतला उतरतो तो वड्यासाठी नाही. घाट चढवायला मागे बँकर इंजिनं लागतात, ती लागताना बघायला तो शेवटच्या डब्यापर्यंत चालत जातो आणि गाडी हलल्यावर धापा टाकत परत येतो. बायकोनं सांगितलेले चार वडे राहिलेले असतात. मोबाइलमध्ये कपलिंगचे अकरा फोटो असतात, त्यातले नऊ हललेले.

मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडवरच्या आमच्या जुन्या सोसायटीत असा एक नमुना राहतो. अख्खी इमारत त्यांना रेल्वेकाका म्हणते. रेल्वेत ते एक दिवसही नव्हते. उभी हयात विम्याच्या कचेरीत गेली. (रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्याच इमारतीत तळमजल्यावर आहेत. ते काकांच्या घराची पायरी चढत नाहीत. ‘छत्तीस वर्षं तेच बघितलं,’ म्हणतात.)

काकांच्या हॉलमध्ये जे आहे त्याला खेळण्यातली गाडी म्हणणाऱ्याला त्या घरात दुसरा चहा मिळत नाही. ते ‘लेआउट’ आहे. लांब भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेली आठ बाय चारची प्लायवूडची फळी, तिच्यावर रूळ, फलाट, घाट आणि बोगदा. फळी खाली असली की रेल्वे, वर उचलून कडी लावली की भिंत. फळीच्या पोटातलं वायरींचं जंजाळ झाकायला काकूंनी जुन्या साडीचा पडदा शिवलाय आणि पडद्यावर कालनिर्णय टांगलंय. काकांनी गाडी चालवायला फळी खाली घेतली की त्या घरात तिथी कळायची सोय राहत नाही.

आता हिशेब. काकांकडची रेल्वे एचओ मापाची, म्हणजे मूळ वस्तूच्या एक सत्त्याऐंशीअंश. १६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे बोरीबंदरहून ठाण्याला नेले, ती ३४ किलोमीटरची लाइन या मापात बसवायची तर ३९० मीटर जागा लागेल. काकांकडे आठ फूट आहेत. त्यामुळे मुलुंड सुटलं की हातभर अंतरावर ठाणं येतं, ठाण्याच्या पुढे थेट बोरघाट लागतो आणि कल्याण वगळलेलं आहे. कल्याणहून आलेल्या व्याह्यांनी एकदा चष्मा सावरत विचारलंच, ‘आमचं कल्याण कुठंय?’

‘फ्रिज हलला तर पुढच्या टप्प्यात,’ काका म्हणाले. भूसंपादन अडल्यावर खऱ्या रेल्वेचे अधिकारी लावतात तोच सूर होता.

खरी बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब. सत्त्याऐंशीनं भागली तर ती जवळजवळ तीन मीटर होते, आणि फळी अडीच मीटरही भरत नाही. मोटरमन ठाण्याच्या पुढे निघून गेला तरी गार्ड मुलुंडच्या अलीकडे, शोकेसमध्ये. म्हणून काका तीन डब्यांच्या एका युनिटवर भागवतात. वळणांचीही तीच कथा. आपल्या ब्रॉडगेजला १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण चालत नाही. सत्त्याऐंशीअंश मापात ती त्रिज्या दोन मीटर, म्हणजे गाडी नुसती गोल फिरवायची तरी चार मीटर रुंदीची खोली हवी. काकांचा हॉल दहा फुटी. मुंबईत आधी वन रूम किचन घ्यायचं आणि मग या छंदात पडायचं, याला धाडस म्हणावं की आणखी काही, ते मी ठरवलेलं नाही.

पण काकांना जे सलतं ते जागेचं नव्हे. ते पावणेतीन मिलिमीटरचं आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद. भागाकार केला तर मॉडेलच्या दोन रुळांमध्ये १९.२६ मिलिमीटर अंतर हवं. बाजारात मिळतो तो रूळ १६.५ चा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर गेजवरून काढलेला. म्हणजे काकांची डेक्कन क्वीन, जी १ जून १९३० पासून ब्रॉडगेजवर दिमाखात धावत आली, ती या घरात परक्या देशाच्या अरुंद रुळावर अंग चोरून पळते. पाहुण्यांपैकी कोणाच्याही हे लक्षात येत नाही. लक्षात येत नाही याचंच काकांना जास्त वाईट वाटतं.

त्यांच्या कंपूतल्या बोरिवलीकरांनी या प्रश्नावर तत्त्वाची भूमिका घेतली. हा कंपू चार जणांचा, आणि ते एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, स्टेशनानं मारतात. ‘बोरिवली आले का?’, ‘घाटकोपरला चहात साखर नको.’ तर बोरिवली हे निवृत्त बँक अधिकारी. बाजारातला रूळ हा अन्याय आहे असं ठरवून त्यांनी १९.२६ मिलिमीटरचा रूळ स्वतः, एकेक स्लीपर कापून, एकेक खिळा ठोकून बनवायला घेतला. आज त्यांच्याकडे अत्यंत शास्त्रशुद्ध असा दीड फूट रूळ आहे. त्यावर बसेल अशी चाकांची जोडी तयार मिळत नाही. बोरिवली म्हणतात, ‘गाडी काय, येईल मागाहून. पाया पक्का पाहिजे.’

घाटकोपर हे गुजराती व्यापारी. मराठी काकांपेक्षा ठसक्यात बोलतात. त्यांनी जागेचा हिशेब आधी केला आणि एन गेज घेतला: एक-एकशेसाठांश माप, रूळ ९ मिलिमीटरचा. त्यांची बारा डब्यांची लोकल दीड मीटरच्या आसपास जागेत उभी राहते आणि ती ते दर भेटीत उभी करून दाखवतात. डबा रुळावर चढवायला मात्र त्यांना भिंग आणि मोतीकामाचा चिमटा लागतो. अंधेरी हा पोरगेला, संगणकवाला. त्याचं लेआउट पूर्णपणे संगणकात आहे. तिथे घाट आहे, पाऊस आहे, सिग्नल बदलतात. घरी प्रत्यक्षात एक इंजिन, तेही खोक्यात.

रविवारी कोणा एकाकडे हे जमतात. अंधेरी घाटकोपरपर्यंत मेट्रोनं येतो, तिथून घाटकोपरला घेतो आणि मग दोघं मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकमध्ये अडकतात. अकरा ते चार या वेळात गाड्या रद्द असताना गाड्यांबद्दल बोलायला भेटायचं, हा मुहूर्त या लोकांनाच सुचू जाणे. काकांकडे पाळी असली की तेही दारावर खडूनं ‘मेगाब्लॉक’ लिहितात. फळी खाली असताना मुख्य दार निम्मंच उघडतं. दूधवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांना ही भाषा पाठ झाली आहे.

आल्या आल्या पहिला प्रश्न एकच. ‘काय, कुठवर आलं?’

‘झालंच आहे. सीनरी तेवढी राहिलीय.’

हे उत्तर चौघांचंही एकच. काकांची मुलगी दहावीला होती तेव्हा सीनरी राहिली होती. आता तिची मुलगी ठाणे स्टेशनच्या सिग्नलचे दिवे लावते, आणि सीनरी राहिलेलीच आहे. सीनरी म्हणजे डोंगर, झाडं, गवत, खडी, माणसं. सामान घरातलंच. चहाचा चोथा वाळवून, चाळून काकांनी घाटाची माती केली. भांडी घासायची हिरवी घासणी कुसकरून करवंदीच्या जाळ्या केल्या. लाकडाचा भुसा रंगवून गवत. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरलेला हात आहे तो. गवत त्याला जमतंच. रुळाखालच्या खडीसाठी मात्र त्यांनी काकूंच्या डब्यातला जाडा रवा वापरला आणि तिसऱ्या दिवशी बोरघाटातली वाहतूक मुंग्यांनी बंद पाडली. आता बांधकामाची कच आणून मैद्याच्या चाळणीतून गाळतात. काकूंनी चाळणी नवी आणली. जुनी चाळणी ‘रेल्वे मालमत्ता’ म्हणून माळ्यावर.

खडी बसवताना काकांना बघावं. फूटभर रुळावर कच पसरायची. मऊ कुंचल्यानं एकेक स्लीपर मोकळा करायचा. रुळाच्या आतल्या अंगाला एक खडा राहिला तरी चाक उडतं. मग फेविकॉल निम्म्यास निम्म्या पाण्यात पातळ करून त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. साबण नसला तर गोंदाचे थेंब कचेवर नुसते गोळे होऊन बसतात, आत झिरपत नाहीत. हे मिश्रण औषधाच्या ड्रॉपरनं थेंब थेंब सोडायचं. तेवढा वेळ पंखा बंद. मे महिन्यात बनियनवर बसलेले काका, नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब, आणि तो गोंदाच्या आधी रुळावर पडतो की काय म्हणून श्वास रोखलेले आम्ही. एका बैठकीत वीतभर लाइन होते. दुसऱ्या दिवशी काका त्या वितीकडे बोट दाखवून म्हणतात, ‘हे नवीन.’ बघणाऱ्याला काहीही नवीन दिसत नाही. पण घाटकोपर खाली वाकून, एक डोळा मिटून बघतात आणि म्हणतात, ‘वा. कुर्ल्याची खडी अशीच काळी पडते.’ त्या एका वाक्यासाठी मे महिन्यात पंखा बंद करणारी ही माणसं.

मुंबईची हवा या छंदाच्या मुळावर आहे. मॉडेलला वीज मिळते ती रुळातून चाकात. रुळावर धुळीचा थर बसला की गाडी अडखळते, आणि आमच्या रस्त्यावर सध्या एकाआड एक इमारत पाडलेली आहे. काका रोज सकाळी खोडरबरानं रूळ पुसतात. पावसाळ्यात प्लाय फुगतो, सांधे वर येतात. सायन-कुर्ल्यात पाणी भरून लोकल थांबल्या की काकांचीही थांबते. काका याला दुखवटा म्हणतात, अंधेरी ऑक्सिडेशन म्हणतो.

विजेवरून त्या दोघांचं कायमचं वाजलेलं आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. मध्य रेल्वेचं शेवटचं उरलेलं डीसी हार्बरवरून २०१६ मध्ये गेलं आणि सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी आलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत असं काकू सांगतात. (पोट बिघडलं होतं, असंही सांगतात.) काकांची गाडी अजून बारा व्होल्ट डीसीवर चालते. अंधेरी म्हणतो, डिजिटल करा; प्रत्येक इंजिनात चिप बसते, एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. काका म्हणतात, ‘मुंबईत डीसी उरलंय ते फक्त या हॉलमध्ये. ते मी घालवू?’

‘मोनोरेल आहे ना काका. साडेसातशे व्होल्ट डीसी.’

‘मोनोरेलला मी रेल्वेत धरत नाही,’ काका म्हणाले, आणि चर्चा संपली.

परदेशी जाणारा नातेवाईक हा या जातीचा पुरवठा विभाग. ‘येताना काय आणू?’ असं औपचारिकपणे विचारणाऱ्याला काका कागद काढून देतात. भाची स्टुटगार्टजवळ असते. तिला कागद सापडला नाही, पण मामाला आगगाडी आवडते एवढं आठवत होतं. जवळच गोपिंगनला मॉडेल आगगाड्या बनवणाऱ्या मार्क्लिनचा कारखाना. तिनं पदरचे युरो घालून खेकडा आणला. खेकडा म्हणजे मधे पेटी आणि दोन्ही बाजूंना लांब नाक असलेलं स्विस धाटणीचं इंजिन. त्याच घराण्यातली इंजिनं जीआयपी रेल्वेनं १९२८च्या सुमारास घाटासाठी आणली होती, आणि आपल्या रेल्वेत त्यांना खेकडा म्हणत. काकांनी खोकं उघडलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मग इंजिन उलटं केलं आणि डोळे कोरडे झाले. मार्क्लिनचं एचओ इंजिन वीज घेतं ती रुळांच्या मधोमध असलेल्या टाचण्यांवरून. त्याच्या पोटाला त्यासाठी एक लांब पट्टी असते. काकांच्या दोन रुळांत एक धन, एक ऋण. त्यावर ते ठेवलं तर थेट शॉर्ट सर्किट. समोर भाची, हातात फोन, शूटिंगच्या तयारीत. काकांनी इंजिन फलाटावर हळूच टेकवलं आणि जाहीर केलं, ‘याला आधी सुरक्षा तपासणी लागते.’ तेव्हापासून खेकडा शोकेसमध्ये, गौरीच्या मुखवट्यांशेजारी आहे. भाचीला अजून खरं सांगितलेलं नाही. ती विचारते, ‘मामा, चालतं ना?’ काका म्हणतात, ‘घाटात फार उपयोगी पडतं.’

सुरक्षेचं खातं अर्थातच काकूंकडे. आपल्याकडे रेल्वेच्या सुरक्षेची तपासणी करणारे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. म्हणजे तपासणाऱ्यावर रेल्वेचा दाब नको. काकूंवरही नाही. नवी लाइन टाकायची तर त्या आधी झाडू फिरवून बघतात. झाडू अडला तर मंजुरी नाही. कपाटामागून कर्जतकडे जाणारी दुहेरी लाइन याच मुद्द्यावर गेली कित्येक वर्षं कागदावर आहे. खर्चाच्या बाबतीत मात्र काकूंचा लेखापरीक्षण विभाग ढिला आहे असं काका समजतात. नवं इंजिन आलं की ते ‘घाटकोपरनं दिलं’ असतं. घाटकोपरच्या घरी गेलेलं इंजिन ‘मुलुंडनं दिलं’ असतं. काकू आणि घाटकोपरच्या भाभी यांची दर आठवड्याला फोनवर भेट होते, हे या दोघा दात्यांना ठाऊक नाही.

वर्षातून एकदा रेल्वे जनतेसाठी खुली होते ती गणपतीत. २०१८ मध्ये थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली आणि काकांना कारण मिळालं. त्या वर्षीपासून दीड दिवस गणपती बोरघाटावर बसतो आणि गाडी त्याला प्रदक्षिणा घालते. घाटाचा चढ खऱ्यासारखा, सदतीसात एक. काकांचं इंजिन चार डब्यांनिशी तिथे घसरतं, म्हणून मागून दुसऱ्या इंजिनाचा बँकर. लहान मुलं ओरडतात, ‘काका, फास्ट!’ काका ऐकत नाहीत. खरी गाडी ताशी शंभर किलोमीटरनं धावते तेव्हा या मापात ती सेकंदाला जेमतेम ३२ सेंटिमीटर सरकायला हवी, आणि घाटात तर त्याच्या निम्म्यानंही नाही. आरती ‘सुखकर्ता’वरून ‘घालीन लोटांगण’पर्यंत जाते तोवर गाडीची दोन प्रदक्षिणाही होत नाहीत. गेल्या वर्षी जास्वंदीची एक पाकळी रुळावर पडून डेक्कन क्वीनचे तीन डबे मोदकांच्या ताटात गेले. पहिला अपघात पाहिलेल्या मुलांना जसा आनंद झाला, तसा काकांच्या कुठल्याही वक्तशीर गाडीनं आजवर कोणाला दिलेला नाही. काकांनी मात्र टाळ ठेवून चौकशी सुरू केली. निष्कर्ष: मानवी चूक. मानव म्हणजे फुलं वाहणारे व्याही.

हे काम पुरं का होत नाही, याचा उलगडा मला पुण्याच्या सहलीत झाला. कोथरूडला कर्वे रस्त्यालगत भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे; १९९८ पासून ते लोकांना खुलं आहे. या जातीची ती पंढरी. चौघं इंद्रायणीनं गेले, मीही होतो. समोर आख्खं शहर, उड्डाणपूल, सिग्नल, सर्कस, आणि गाड्या ठरल्या वेळी ठरल्या जागी. चौघं एका ओळीत हात मागे बांधून उभे राहिले. कोणी बोललं नाही. परतताना लोणावळा गेल्यावर बोरिवलींनी तोंड उघडलं.

‘सुंदरच आहे हो. पण सगळं चालतंय.’

‘हो ना,’ घाटकोपर म्हणाले. ‘एवढं झाल्यावर माणसानं करायचं काय?’

काम पुरं केलेला आणखी एक म्हणजे रॉड स्टुअर्ट हा इंग्रज गायक. त्यानं लॉस एंजेलिसच्या घरात माडीभर अमेरिकन शहर आणि रेल्वे उभारली, तेवीस वर्षं लावली, दौऱ्यावर असताना हॉटेलात जादा खोली घेऊन इमारती रंगवल्या, आणि २०१९ मध्ये एका इंग्रजी रेल्वे मासिकात ती दाखवली. अंधेरीनं हे सांगितलं तेव्हा तिघांनी मान हलवली. गाण्याबद्दल कोणी विचारलं नाही. काकांनी एवढंच विचारलं, ‘तेवीस? घाई केली का त्यानं?’

गेल्या वर्षी आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली. लेआउट मोडावं लागणार हे कळल्यावर बोरिवली भेटायला आले, कोणी गेल्यावर येतात तसे, चप्पल दाराबाहेर न वाजवता. ‘एवढं होत आलं होतं,’ म्हणाले. ‘सीनरी तेवढी राहिली होती.’ काकांच्या चेहऱ्यावर मात्र तजेला होता. संमतिपत्रावर पहिली सही त्यांची.

गच्चीवर विशेष सर्वसाधारण सभा झाली. बिल्डरचा वास्तुविशारद नकाशा घेऊन आला होता. लोकांनी कॉर्पस फंड विचारला, भाडं विचारलं, पार्किंग, कारपेट एरिया, लिफ्ट किती. काका स्टीलची पट्टी आणि परकार घेऊन उभे राहिले. नकाशावर परकार टेकवत म्हणाले, ‘हॉलमधला हा कॉलम नऊ इंच आत सरकेल का?’

‘का हो काका?’

‘कर्व्ह बसत नाही.’

तो बिचारा समजावू लागला, की एल आकाराचा सोफा आरामात बसेल, मागे टीव्ही युनिटही येईल. सभेत हशा पिकला. बायकांच्या रांगेतून काकू उठल्या. मला वाटलं, आता झालं.

‘सोफ्याचं राहू द्या,’ त्या म्हणाल्या. ‘फ्रिजला आत, स्वयंपाकघरात जागा काढा. यांना कल्याण घ्यायचंय.’